धुम्याची कणीक आणि ठेक्याचा श्वास

आषाढ शुद्ध एकादशीच्या पहाटे देव्हाऱ्यापुढे समई लागते, आणि दूरच्या देवळातील काकडआरती कानी पडू लागते. अभंगाचे शब्द अजून स्पष्ट होत नाहीत, गाणारा कोण हे उमगत नाही. परंतु त्या शब्दांच्याही आधी, चार घरांच्या भिंती ओलांडून, मृदंगाचा धुमा आपल्या छातीत उमटलेला असतो. खालचे नाद भिंतींना जुमानत नाहीत आणि उंच नाद वाटेतच अडतात, हे त्याचे भौतिक कारण. भाविकाला अर्थातच त्या कारणाची गरज भासत नाही. पांडुरंगाची हाक प्रथम मृदंगातून येते, एवढे त्याला पुरते.

परंतु आजच्या दिवशी या नादाची थोडी विचारपूस करावी, असे मनात आले. त्याला निमित्तही तसेच आहे. पूर्वी एकादशीच्या भजनाला पखवाजी मिळाला नाही, तर भजन पुढे ढकलीत किंवा नुसत्या टाळांवर भागवीत. आता एक लहानशी विद्युत्पेटी किंवा खिशातील मोबाईल पुढे ठेवला, की ठेका सुरू होतो. इतकेच नव्हे, तर कित्येक घरांतील तरुण मुले संगणकावर स्वतः ठेके रचतात आणि त्यावर अभंग गाऊन ते घरच्या घरी ध्वनिमुद्रित करतात. वडील मंडळींना हे रुचत नाही. मुलांना त्यांची नापसंती समजत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ते समजण्यासाठी प्रथम मृदंगाकडे जावे लागते.

‘मृत्’ म्हणजे माती. नावावरून पाहता हे वाद्य एके काळी मातीचे असावे. आज वारकरी ज्याला मृदंग म्हणतो, तो वस्तुतः लाकडी पखवाज होय. खैर, शिसव, बाभूळ अशा कठीण लाकडाचे खोड आतून कोरून पोकळ करावयाचे, मधला भाग फुगीर ठेवावयाचा, एक तोंड लहान आणि एक मोठे राखावयाचे, आणि दोन्ही तोंडांवर बकऱ्याच्या कातड्याच्या पुड्या चढवून त्या वादीने ताणावयाच्या. उजव्या पुडीवर काळी शाई असते. ही शाई म्हणजे एकदाच थापलेला लेप नव्हे. लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि भाताची खळ यांचे मिश्रण बोटाने पातळसे लावावयाचे, गुळगुळीत दगडाने ते घोटावयाचे, सुकू द्यावयाचे, आणि मग पुढचा थर. असे अनेक थर झाले, की मध्यभागी जाड आणि कडेला पातळ अशी एक टिकली तयार होते. घोटताना तिला केसाएवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळेच ती कातड्याबरोबर लवते. अखंड राहिली असती तर दुसऱ्याच थापेला उडाली असती. पुडी बांधणारा कारागीर कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कोणत्याही मृदंगाने आजवर विचारलेले नाही. त्याच्या पुढे विठ्ठलनामाचा गजर करणाऱ्यांनीही ते विचारू नये, हे ओघानेच आले.

या काळ्या टिकलीचे रहस्य उलगडले ते एका थोर भारतीय शास्त्रज्ञाने. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले, आणि 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावरही ते या विषयाकडे पुन्हा वळले. साध्या गोल कातड्यावर आघात केला, तर मूळ नादाबरोबर जे उपनाद उठतात ते त्याच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे वेडेवाकडे असतात. म्हणून नुसता ढोल सुरात लागत नाही. तो गर्जतो, पण गात नाही. मध्यभागी शाईचे वजन आले, की तेच उपनाद मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागी येऊन बसतात. तारेच्या वाद्यात जी सुसंगती निसर्गतःच असते, ती येथे लोहचूर्ण आणि भाताच्या खळीने घडवून आणली आहे. मृदंग षड्जाशी जुळवता येतो तो त्यामुळे. ज्यांनी ही युक्ती प्रथम योजिली, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

डावे तोंड म्हणजे धुमा. त्यावर कायमची शाई नसते. वाजविण्यापूर्वी गव्हाची कणीक पाण्यात भिजवून तिचा गोळा मध्यभागी थापतात. कणीक जितकी अधिक, तितका आवाज खोल. थोडी काढली, की चढतो. जाणता पखवाजी थाप देतो, ऐकतो, नखाएवढी कणीक खुडून टाकतो, पुन्हा थाप देतो. उजवी पुडी गाणाऱ्याच्या षड्जाला आणि धुमा त्याच्या खालच्या षड्जाच्या आसपास आला, की तो मान हलवितो. कणीक सुकू लागली, की तिला पाण्याचे बोट लावावे लागते. भजन संपले, की ती खरवडून काढावी लागते. प्रत्येक भजनाला ताजी कणीक, हा नियम. पोळीच्या कणकेतील एक गोळा देवाच्या वाद्यासाठी बाजूला काढून ठेवणाऱ्या गृहिणी मी पाहिल्या आहेत. ठेका घडविण्यात त्यांचा वाटा नाही, असे कोण म्हणेल?

आणि हे सारे वारीच्या वाटेवर साधावयाचे, तेही ऐन आषाढात! दमट हवेत कातडे ओल शोषून घेते आणि सैल पडते. सकाळी जुळविलेला मृदंग एका सरीनंतर उतरलेला असतो. वादीत अडकविलेले लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकून, गजऱ्यावर हलके घाव घालून तो पुन्हा चढवावा लागतो. चालत्या दिंडीत तेवढी उसंत कोठली? म्हणून अलीकडे वादीऐवजी लोखंडी आकडे व पेच लावलेले पखवाज पुष्कळ दिसतात. जुन्या मंडळींना ते मनापासून आवडत नाहीत. मलाही आवडत नाहीत. पण भर पावसात गळ्यात आठ-दहा किलोंचे वाद्य अडकवून मैलोगणती चालणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार घरी बसून लिहिणाऱ्यास नाही.

दिंडीची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्या मध्यावर मृदंग, आणि मागे विणेकरी. नाद हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे मृदंगापासून सात मीटरवरच्या टाळकऱ्याला थाप सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उशिरा ऐकू येते, आणि पस्तीस मीटरवर असलेल्याला दहाव्या भागाने. मृदंग एका टोकाला असता, तर दुसऱ्या टोकाचे टाळ स्पष्टपणे मागे पडले असते. ही योजना नादशास्त्राच्या पोथीतून आली, असे मी म्हणणार नाही. शेकडो वर्षे चालणाऱ्या पायांना ती सापडली असावी. टाळकरी कानाइतकाच डोळ्यांनी ठेका धरतो. पुढच्याचे पाऊल पाहून आपले पाऊल टाकतो.

आता ठेक्याकडे वळू. भजनी ठेका आठ मात्रांचा. तबल्याच्या बोलीत त्याचा पहिला अर्धा भाग ‘धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ’ असा, आणि दुसरा ‘तिं ऽ ना तिं ऽ तिं ना ऽ’ असा. प्रत्येक अक्षर अर्ध्या मात्रेचे. आता हे टाळी देत म्हणून पाहावे. पहिल्या मात्रेवर ‘धिं’, दुसरीवर ‘ना’. तिसऱ्या मात्रेवर मात्र काहीच नाही! हात तेथे मुका राहतो, आणि त्या मुक्या जागेच्या दोन्ही बाजूंना, अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर, ‘धिं’ पडतो. त्या रिकाम्या जागेवर टाळ वाजतो, पाऊल पडते, किंवा श्रोत्याची मान हलते. भजनी ठेका ऐकणारा बसल्या जागी डोलू लागतो याचे मर्म येथे आहे. ठेक्याने एक जागा रिकामी सोडली आहे, आणि ती भरण्याचे काम भक्ताकडे दिले आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात धुमा गप्प बसतो. ‘धिं’चा ‘तिं’ होतो, नाद हलका होतो, आणि पुन्हा समेवर धुमा येतो तेव्हा तो नव्याने आल्यासारखा वाटतो.

अर्थात पखवाजाची विद्या एवढ्यावर संपत नाही. चौताल बारा मात्रांचा, धमार चौदांचा, सूलताल दहांचा, तीव्रा सातांचा. ध्रुपदाच्या साथीचे हे भारदस्त ताल. वाईजवळच्या बावधन गावचे नाना पानसे यांनी एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारी राहून या विद्येची एक स्वतंत्र परंपरा उभी केली, आणि महाराष्ट्रातील पखवाजावर तिचा ठसा आजतागायत आहे. दुसरीकडे विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, आणि कीर्तनाची व भजनाची विद्या घेण्यासाठी खेडोपाडीच्या मुलांना एक ठिकाण मिळाले. एक धारा दरबाराची, दुसरी वाळवंटाची. फडावर उभा असलेला चांगला मृदंगाचार्य दोन्ही धारांचे पाणी प्यालेला असतो.

यंत्र आले ते फार दुरून. 1980 साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीआर-808’ नावाचे तालयंत्र बाजारात आणले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘लिन एलएम-1’ हे यंत्र निघाले, ज्यात खऱ्या ढोलांचे आवाज साठविलेले होते. 1983 मध्ये निरनिराळ्या यंत्रांना परस्परांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ ही सामाईक भाषा ठरली. आजच्या संगणकावरील ठेक्याचे कूळ हे. 808 वर सोळा बटणे एका ओळीत होती. ज्या घरात आघात हवा ते बटण दाबावयाचे, आणि यंत्र ती सोळा घरे अहोरात्र फिरवीत राही. आपला भजनी ठेका योगायोगाने या सोळा घरांत तंतोतंत बसतो. धमाराचे मात्र तेथे हाल होतात. आपल्याकडेही ही यंत्रे लवकर पोचली. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली 808 च्या साथीने रागांची एक तबकडीच ध्वनिमुद्रित केली. पुढे बंगळुरूच्या राडेल कंपनीच्या ‘तालमाले’ने तबल्याचे बोल पेटीत आणले, आणि रियाजाला बसणाऱ्या लक्षावधी विद्यार्थ्यांची सोय झाली. या उपकाराला नाकारण्यात अर्थ नाही. मध्यरात्री तीनतालाची साथ करावयास कोणता तबलजी येणार होता?

मात्र पेटीवर भजन रंगत नाही, हा अनुभव आमच्या भजनी मंडळाने घेतला आहे, आणि तो सांगण्यासाठीच खरे तर हा लेखनप्रपंच.

आमच्या मंडळात चाळीस वर्षे मृदंग वाजविणारे एक बुवा होते. 2019 च्या चातुर्मासात त्यांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली, आणि बोटांना कंप सुटला. थाप जोरकस येई, पण ‘किट तक’ निसटू लागले. ते स्वतःच एके दिवशी मृदंग बाजूला ठेवून म्हणाले, “आता देवापुढे खोटे वाजवावयाचे नाही.” त्यानंतर काही एकादश्या आम्ही पेटी लावून काढल्या. पहिल्याच अभंगात अडचण कळली. आमच्या गायनात चरणाच्या शेवटी सारे किंचित थांबतात, नामाच्या गजराकडे जाताना किंचित धावतात. पेटी थांबत नाही आणि धावतही नाही. आम्ही तिच्यामागे फरफटत गेलो. शेवटी विणेकऱ्यांनी हात वर करून पेटी बंद करविली आणि नुसत्या टाळांवर भजन पुरे केले.

बुवांचा नातू तेव्हा महाविद्यालयात होता आणि रात्री संगणकावर गाण्यांचे ठेके तयार करीत बसे. आजोबांना तो उद्योग ‘ढँग ढँग’ या एका शब्दात मावत असे. त्याच मुलाने एके दिवशी प्रस्ताव मांडला : “आजोबा, तुमचा हात अजून आहे तोवर तुमचे ठेके टिपून ठेवू या.” बुवा प्रथम चिडले. मग दोन दिवसांनी त्यांनी आपणहून कणीक भिजवावयास सांगितली.

माजघरात भिंतींवर गोधड्या टांगल्या. मोकळी भिंत आवाज परतविते आणि ध्वनिमुद्रणात तो परतलेला आवाज राहून जातो, म्हणून. पंखा बंद केला. दोन मायक्रोफोन, एक पुडीसमोर आणि एक धुम्यासमोर, वीतभर अंतरावर, थोडे तिरके. टाळकऱ्याला मुद्दाम शेजारच्या खोलीत बसविले, कारण काशाच्या टाळाचा झणत्कार इतका तीव्र असतो की एकदा तो मृदंगाच्या मायक्रोफोनात शिरला की मागाहून वेगळा काढता येत नाही. ध्वनीची पातळीही नातवाने बरीच खाली ठेवली होती. थाप अकस्मात उसळते आणि पातळी चढी असेल तर तेथे आवाज फाटतो, व फाटलेला आवाज कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. चार रात्री हे चालले. बुवांचा हात दहा-पंधरा मिनिटे नीट चाले, मग थांबावे लागे.

आठवड्याने नातवाने तयार ठेका ऐकविला. ऐकावयास स्वच्छ, प्रत्येक आघात नेमका, कंपाचा मागमूस नाही. बुवांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “छान आहे. कोण वाजवतोय?”

मुलगा गोरामोरा झाला. त्याने काय केले होते, ते त्याने मला नंतर सांगितले. संगणकावर प्रत्येक आघात जवळच्या काटेकोर घरात सरकविण्याची सोय असते. ती त्याने सर्वत्र वापरली होती. मग उत्तम उतरलेले एकच आवर्तन निवडून तेच पुढे पुन्हा पुन्हा जोडले होते. मिनिटाला नव्वद मात्रांची लय धरली, तर चार मिनिटांच्या अभंगात आठ मात्रांची पंचेचाळीस आवर्तने होतात. पंचेचाळीस वेळा तोच ‘धिं’, केसाचाही फरक नाही! कान तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला हे ओळखतो. मनाला कळत नाही, पण लक्ष उडते.

मुलाचे कौतुक असे, की त्याने हट्ट धरला नाही. तो मूळ ध्वनिमुद्रणाकडे परत गेला आणि सरळ करण्यापूर्वी आजोबांचे आघात कोठे कोठे पडले होते, ते मोजू लागला. त्याला आढळले, की धुमा टाळाच्या मागे राहतो. फार नव्हे, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका. पण तो दर वेळी राहतो. ती वृद्धापकाळाची चूक नव्हती, ती बुवांची बैठक होती. समेपूर्वीचा ‘ना’ मात्र थोडा घाईने येई. खालीच्या भागात जोर कमी होई आणि समेच्या धुम्यावर तो पुन्हा चढे. कंपामुळे चुकलेले आघात वेगळे होते. ते अनियमित होते, आणि म्हणून ओळखू येत. नातवाने तेवढेच दुरुस्त केले आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवले. एका आवर्तनाऐवजी सलग सोळा-सोळा आवर्तने घेतली. लय एकच न ठेवता गजराकडे जाताना मिनिटाला चार-पाच मात्रांनी वाढविली. पुढच्या खेपेस बुवांनी काही विचारले नाही. त्यांची बोटे मांडीवर चालू लागली.

घरोघरी असे ठेके रचणाऱ्या मुलांसाठी त्या नातवाने सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी येथे नोंदवितो. साठविलेल्या मृदंगाचा स्वर गाणाऱ्याच्या पट्टीशी जुळत नसेल, तर संगणक तो खालीवर करून देतो. पण एक-दोन स्वरांहून अधिक ओढला, की धुम्याचा घुमारा विदूषकी होतो. अशा वेळी त्या पट्टीतले दुसरे वाद्यच मुद्रित करावे. दुसरी गोष्ट, मोबाईलच्या इवल्या कर्ण्यातून धुम्याचा खालचा नाद मुळी बाहेरच पडत नाही. मुलांना वाटते धुमा कमी आहे, म्हणून ती वाढवितात. मग तोच ठेका मंडपातील मोठ्या ध्वनिक्षेपकावर लागला, की अभंगाचे शब्द त्याखाली गाडले जातात. ठेका दोन्हीकडे ऐकून मगच पक्का करावा. एकादशीच्या मंडपांत हा दोष इतका ऐकू येतो, की या एका सूचनेसाठी त्या मुलाला श्रीफळ द्यावयास हवे. भजनात शब्द मुख्य. नाम ऐकू आले पाहिजे.

बुवा 2021 मध्ये, माघ महिन्यात, वैकुंठवासी झाले. त्यांचे ठेके आमच्याजवळ आहेत, परंतु भजनात आम्ही ते लावीत नाही. कितीही जिवंत असले तरी ते आमच्यासाठी थांबत नाहीत. मंडळातील दोन मुले आणि एक मुलगी मात्र रोज संध्याकाळी ते लावून त्यासोबत मृदंग वाजवितात. मुलीचा धुमा टाळाच्या किंचित मागे पडतो. तिने बुवांना मृदंग वाजविताना कधी पाहिलेले नाही.

आज रात्रीच्या भजनाला ती प्रथमच साथीस बसणार आहे. सकाळपासून पाऊस आहे, मृदंग उतरलेला आहे, आणि उपवासाच्या घरात गव्हाची कणीक भिजवावी लागणार म्हणून तिच्या आजीने दुपारीच पीठ चाळून ठेवले आहे.